ह्युमिकचं पाकीट घेण्याआधी: गोव्याच्या तांबड्या मातीत ह्यूमस कसा होतो, कसा टिकवायचा

मागच्या मे महिन्यात मी एका दुकानातून ह्युमिक ॲसिडची काळी पावडर आणली. एक किलोचं पाकीट, वर लिहिलेलं की एकराला एक किलो पुरे, माती जिवंत होते वगैरे. घरी येऊन बादलीत टाकली तर जवळजवळ निम्मी तळाशी जाऊन बसली, हाताला बारीक रेती लागावी तशी लागत होती, आणि ढवळून ढवळून माझा कोपरापर्यंत हात काळा. रागाने पाकीट फेकणारच होतो, पण त्याआधी कागद घेऊन बसलो आणि हिशोब मांडला. मग दुकानदारावरचा राग उतरला आणि स्वतःचाच आला.

हिशोब असा. एकर म्हणजे साधारण ४००० चौरस मीटर. वरची १५ सेंटीमीटर माती धरली तर एका चौरस मीटरला जवळजवळ २०० किलो माती होते, म्हणजे एकराला ८ लाख किलो. त्यात सेंद्रिय कर्ब समजा १ टक्का आहे, तर सेंद्रिय पदार्थ (कर्बाच्या १.७२४ पट धरतात, का ते पुढे येईल) होतो चौदा हजार किलोला थोडा कमी, चौदा टन धरा. आता त्या चौदा टनांत मी एक किलो घालणार होतो, त्यातला निम्मा बादलीच्या तळाशी. समईत थेंबभर तेल घालून रात्रभर जळेल म्हणायचं तसलं हे.

त्यामुळे पाकीट घेऊच नका असं मी म्हणत नाही, त्याचा उपयोग कुठे होतो ते शेवटी सांगतो. पण मातीतला ह्यूमस, म्हणजे कुजून मातीत मुरलेला काळपट सेंद्रिय पदार्थ, वाढवायचा असेल तर रस्ता वेगळा आहे, आणि तो आपल्या गोव्याच्या मातीला आणि पावसाला धरून समजून घेतला तर बराच सोपा आहे.

आधी ह्यूमस डोळ्यांनी बघा

हे घरी करता येतं, आणि एकदा केलं की पुढचं सगळं डोक्यात बसतं. लागतं काय तर नीट कुजलेलं खत किंवा काजूखालची वरची काळपट माती, धुण्याचा सोडा (खायचा नव्हे, कपड्यांचा), लिंबूसत्व, आणि दोन काचेच्या बाटल्या, झाकण घट्ट नको.

पहिल्या बाटलीत पेलाभर पाणी, दोन मोठे चमचे खत आणि अर्धा छोटा चमचा धुण्याचा सोडा. हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं होतं, जुनं खत असेल तर कोऱ्या कॉफीसारखं. ते फडक्यातून गाळून घ्या, घाई करू नका, गाळ खाली राहू दे. गाळलेल्यातलं अर्धं पाणी दुसऱ्या उंच बाटलीत ओता आणि त्यात थोडं थोडं लिंबूसत्व टाका. फसफसतं, एकदम टाकलंत तर ओट्यावर येतं, मला बोलणी बसलेली आहेत त्यावरून. फेस थांबला की आणखी एक चमचा टाका आणि बाटली हलवू नका. संध्याकाळपर्यंत चॉकलेटी रंगाचे कापसासारखे पुंजके खाली बसायला लागतात आणि वरचं पाणी पिवळसर राहतं.

खाली बसलेले पुंजके म्हणजे ह्युमिक ॲसिड. वर राहिलेलं पिवळं पाणी म्हणजे फुल्विक ॲसिड, त्यात इतरही बरंच विरघळलेलं असतं. आणि पहिल्या बाटलीच्या तळाशी सोड्यालाही न जुमानता जे मातीला चिकटून राहिलं त्यात ह्युमिन. झालं, तीन मोठी नावं, आणि तिन्हींचा अर्थ एवढाच की कोण सोड्यात विरघळतं आणि कोण आंबटात खाली बसतं. लॅबमध्ये हेच कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन पीएच १ पर्यंत नेऊन करतात, तिथे पुंजके जास्त स्वच्छ बसतात. पण तुम्ही घरी कॉस्टिक वापरायला जाऊ नका, डोळ्यात उडालं तर खेळ खलास.

ही पद्धत केवढी जुनी आहे बघा, फ्रान्झ कार्ल आखार्ड नावाच्या जर्मन केमिस्टने १७८६ साली पीट म्हणजे दलदलीतल्या कुजक्या थरावर अल्कली घालून हाच काळा अर्क काढला होता. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं लोक याच अर्काला ह्यूमस धरून चालले. समजूत अशी की झाडपाला कुजताना त्याचे तुकडे एकमेकांत गुंफून मोठाले काळे रेणू तयार होतात, ते कोणाला सहज फोडता येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. २०१५ मध्ये योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर या दोघांनी नेचर मासिकात लिहिलं की असले मोठे गुंफलेले रेणू प्रत्यक्ष मातीत सापडतच नाहीत, पीएच १३ चं अल्कली ओतल्यावर जे निघतं ते त्या ओतण्यामुळेही तसं दिसतं. त्यांच्या मते मातीत असतात ते सगळ्या अवस्थांतले तुकडे, ताज्या पानापासून ते अगदी छोट्या रेणूपर्यंत, जिवाणू आणि बुरशी ते फोडत राहतात, आणि जे टिकतं ते मातीच्या बारीक कणांना चिकटल्यामुळे किंवा ढेकळाच्या आत जिवाणूंच्या हाताला न लागल्यामुळे टिकतं. जुन्या बाजूच्या लोकांना हे मान्य नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने मला दुसरी गोष्ट जास्त पटते कारण ती कामाची आहे. ह्यूमस ही बाहेरून आणून ओतायची वस्तू असेल तर पाकीट घेणं बरोबर. पण तो जिवाणूंचं जेवण, त्यांची विष्ठा आणि त्यांची मढी मातीच्या कणाला चिकटून झालेला असेल तर दोनच कामं राहतात, जिवाणूंना जेवायला घालायचं आणि चिकटलेलं सुटू द्यायचं नाही.

हो, मढी. टिकाऊ सेंद्रिय पदार्थात मेलेल्या जिवाणू-बुरशीच्या अवशेषांचा वाटा खूप मोठा असतो. पान थेट ह्यूमस होत नाही, आधी कोणाच्या तरी पोटात जातं.

आपली माती काय लायकीची आहे

माझं भाट फोंड्याच्या बाजूला आहे, वर काजू, मधे माड, खाली व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला थोड्या पोफळी आणि भाजीचा तुकडा. माती तांबडी, कुदळ हातभर गेली की खाली चिऱ्याचा आवाज. गोव्यात बहुतेकांचं असंच. या जांभ्या मातीतली चिकणमाती म्हणजे मुख्यतः केओलिनाइट, आणि त्याबरोबर लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. हजारो पावसाळ्यांनी कॅल्शियम, पोटॅश सगळं धुऊन नेलंय, राहिलंय ते हे.

केओलिनाइट कंजूष. पोषक द्रव्यं धरून ठेवायची मातीची ताकद मोजतात त्या मापात केओलिनाइट येतं ३ ते १५ मध्ये, आणि ह्यूमस, जर माती फार आंबट नसेल तर, २०० च्या आसपास. म्हणजे बघा, मातीत २ टक्के ह्यूमस असला तर तो एकटा ४ युनिट धरतो, आणि तेवढंच धरायला केओलिनाइटची चिकणमाती ४०-५० टक्के लागते. घाटावरच्या काळ्या मातीला ह्यूमस कमी पडला तरी तिची चिकणमाती वेगळी असते, ती सांभाळून घेते. आपल्याला तो आधार नाही, ह्यूमस गेला की टाकलेलं खत पहिल्या मोठ्या पावसात व्हाळाला.

पण त्याच लोखंडाचा एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना सेंद्रिय रेणू घट्ट चिकटतात, कार्बोक्सिल नावाचे जे आंबट गट असतात त्यांच्या टोकाने. म्हणून आपल्या तांबड्या मातीत कर्ब बराच असूनही ती तांबडीच दिसते, लोखंडाचा रंग काळ्याला झाकतो. रंग बघून "माझी माती मेलेली" म्हणणाऱ्यांनी आधी टेस्ट करावी. आणि हे चिकटणं दुहेरी कामाचं आहे: ऑक्साइडच्या ज्या जागांवर सुपर फॉस्फेट जाऊन अडकतं त्याच जागा सेंद्रिय आम्लं अडवून बसली की स्फुरद थोडा मोकळा राहतो. आंबट मातीत सुटलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं जाळतं, त्यालाही हेच रेणू पकडून गप्प करतात. शेणखत टाकल्यावर झाड हिरवं होतं ते फक्त त्यातल्या नत्राने नव्हे, हे त्यामागचं अर्धं कारण.

टेस्ट कशी करायची आणि कुठे फसायला होतं

एप्रिल-मेमध्ये, खत टाकायच्या आधी. तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागी व्ही आकाराचा खड्डा, १५ सेंटीमीटर खोल, त्याच्या कडेची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत. बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची, झाडाच्या बुंध्याची माती नको. सगळं एका गोणपाटावर मिसळा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेलं परत तसंच, अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवा. माड आणि भाजी यांची माती वेगळी द्या, एकत्र केलीत तर रिपोर्ट दोघांनाही लागू पडत नाही. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा, ते पुढचं सांगतात.

रिपोर्टमध्ये "सेंद्रिय कर्ब" येईल. ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर जास्त, अशी आपल्याकडची पट्टी. त्याला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ, कारण त्यात ५८ टक्के कर्ब असतो असं धरलंय. गोव्यात पुष्कळांना "जास्त" असा शेरा मिळतो आणि ते खूष होऊन पातेरा (पडलेला सुका पाला) जाळायला मोकळे. ही पट्टी सगळ्या देशाला एकच आहे हो. आपल्या केओलिनाइटच्या मातीला ०.८ वर समाधान मानून चालत नाही, मी तरी दीडच्या खाली गेलं की काळजी करतो.

टेस्टची पद्धत म्हणजे वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि कडक सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं, कर्ब जळतो, डायक्रोमेट किती खर्च झालं ते मोजायचं. सगळा कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्के जळतो, म्हणून आकडा १.३ ने वाढवतात. यात गोव्याच्या लोकांनी एक लक्षात ठेवायचं: मीठही डायक्रोमेट खातं. खाजनातली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतली, माती दिलीत आणि खाजन आहे हे सांगितलं नाहीत तर कर्ब फुगून येऊ शकतो. पिशवीवर ठळक लिहा.

घरगुती टेस्टमध्ये मी स्वतः दोनदा फसलोय. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मातीवर टाकलं की सेंद्रिय पदार्थ जेवढा जास्त तेवढं फसफसतं असं वाचलेलं. माझ्या मातीवर टाकलं, मंद फसफस. सांग्याकडच्या मावसभावाच्या मातीवर टाकलं तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा फेस! त्याला फोन करून सांगितलं की बाबा तुझी माती सोनं आहे. नंतर कळलं, तिकडे मँगनीज आहे, आणि मँगनीजचं ऑक्साइड पेरॉक्साइडला नुसतं हात लावूनच फोडतं, ह्यूमसचा काही संबंध नाही. ट्यूबवेलच्या गंजक्या पाइपाशेजारची माती टाकली असती तरी थोडाफार तमाशा झालाच असता. दुसरी म्हणजे माती पत्र्यावर लाल होईपर्यंत तापवून वजनातली घट मोजायची. आपल्याकडे ते चालत नाही, केओलिनाइटच्या आणि लोखंडाच्या खनिजांच्या आत अडकलेलं पाणी तापवल्यावर निघून जातं आणि आपण ते ह्यूमस समजून मोजतो.

जेवायला काय घालायचं

आता मुख्य काम. एका चौरस मीटरला २०० किलो माती, त्यात ह्यूमस एक टक्का वाढवायचा तर २ किलो टिकाऊ पदार्थ पाहिजे. दहा किलो कंपोस्ट घेतलं तर निम्मं पाणी, उरलेल्या पाचात निम्मी माती-राख, म्हणजे खरा सेंद्रिय पदार्थ अडीच किलो, आणि आपल्या उष्ण दमट हवेत त्यातला बराचसा वर्षभरात कार्बन डायऑक्साइड होऊन जाणार. म्हणून वीस-पंचवीस किलो धरा, तेही दोन-तीन वर्षांत विभागून, आणि भाजीच्या वाफ्यापुरतंच. सगळ्या भाटाला असं करायला गेलात तर ट्रकच लागतील, तिथे पातेरा.

पातेरा जाळणं बंद. मला माहीत आहे, आजीच्या वेळी जाळायचे, राब करायचे, आणि ते वेडे नव्हते, राखेने आंबटपणा उतरतो आणि पोटॅश लगेच मिळतो, तणाचं बीही मरतं. पण कर्ब आणि नत्र धुरातून गेला. आज चुना विकत मिळतो, पातेऱ्यातला कर्ब मिळत नाही. काजूचं पान चिवट, टॅनिन भरपूर, लवकर कुजत नाही, म्हणून तर ते झाकायला उत्तम. उतारावर आडवे छोटे बांध करून त्यांच्या वरच्या बाजूला पातेरा लोटून ठेवा, वरून दोन-चार झावळ्या टाका नाहीतर वाऱ्याने जातो. पहिल्या पावसात व्हाळाचं पाणी तांबडं होतं ना, ते तांबडं म्हणजे तुमच्या चिकटलेल्या ह्यूमससकट वरची माती, वर्षभराची कमाई एका दुपारी.

कंपोस्टचा ढीग करताना सगळा खेळ कर्ब आणि नत्राच्या प्रमाणाचा. जिवाणूच्या अंगात नत्राच्या आठपट कर्ब असतो, पण तो खाताना बराच कर्ब श्वासातून घालवतो, म्हणून त्याला २५-३० ला १ असं जेवण पाहिजे. भाताचं गवत ६०-८० ला १, लाकडाचा भुसा कित्येक शेकड्यांना १, शेण २०-२५, गिरिपुष्पाचा हिरवा पाला १२-१५, आणि मासळीची घाण, सुंगटांची टरफलं, ती पाचाच्या आसपास. नुसतं गवत मातीत गाडलंत तर जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि तुमची मिरची पिवळी पडते, मग युरिया शोधत फिरा. नुसतं शेण आणि हिरवं टाकलंत तर नत्र अमोनिया होऊन उडतो, वास येतो तो पैशाचाच.

माझा ढीग असा: खाली झावळ्यांचे दांडे आडवे-उभे, हवा खेळायला. मग पातेरा किंवा गवत टीचभर, त्यावर गिरिपुष्प, त्यावर शेणकाला, मूठभर जुनं खत, परत तेच. मासळीची घाण टाकायची तर अगदी मधे, वर भरपूर सुकं, आणि खारवलेली मासळी धुऊन. एकदा वरच्यावर टाकली तर वाड्यावरचे सगळे कुत्रे सभा घ्यायला आले. उंची कमरेएवढी पाहिजे, कमी असेल तर तापत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात घालवत नाही इतका तापतो, साठ अंशांच्या आसपास, मग थंड व्हायला लागला की उलटवायचा. मुठीत दाबून बघा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको.

पावसाळ्यात ढीग झाका, हे दहा वेळा सांगतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या घरात पाऊस, उघड्या ढिगातून जे तपकिरी पाणी वाहतं त्यात विरघळणारा सेंद्रिय पदार्थ आणि पोटॅश दोन्ही चाललेलं असतं, तेच पिवळं पाणी जे तुम्ही बाटलीत बघितलंत आणि जे दुकानात फुल्विक म्हणून विकतात. झावळ्यांचं छप्पर पुरतं, प्लास्टिक टाकलंत तर कडेने हवा ठेवा. खाली नळा काढून एखादी बादली लावली तर ते पाणी पोफळींना देता येतं.

माडाला वेगळी सोय. मेअखेर किंवा मिरगाच्या तोंडावर बुंध्यापासून १.८ मीटरपर्यंत आळं उघडायचं, हिरवा पाला आणि शेणखत भरायचं, पावसाळा संपत आला की बुजवायचं. सोडणं (नारळाची जाड साल) फेकू नका आणि जाळू नका, माडांच्या रांगांमधे चर खणून थरांनी पुरा, खोलगट बाजू वर करून, पाणी धरून बसतात, आणि लिग्निन इतकं की पाच-सहा वर्षं कुजत राहतात. हळू कुजणं इथे गुण आहे.

चुना. माती पाचाच्या आसपास पीएचची असेल तर ह्यूमसचे आंबट गट निम्मे झोपलेले असतात, हायड्रोजन धरून. चुना टाकून पीएच वर गेला की ते हायड्रोजन सोडतात, ऋण भार उघडा पडतो आणि त्याच ह्यूमसवर जास्त कॅल्शियम-पोटॅश बसतं. म्हणजे ह्यूमस न वाढवता त्याचं काम वाढतं. किती टाकायचा ते रिपोर्टवरून, अंदाजाने नको. तिसऱ्यांची, खुब्यांची (शिंपल्यांची) कवचं कुटून टाकली तरी चालतात, पण मऊ पूड करा, अख्खी टाकलीत तर तुमच्या नातवाला उपयोग. भाजलेला चुना जोरदार असतो, तो आणि ताजं शेण एकत्र कधीच नाही, मधे दोन आठवडे तरी जाऊ द्या नाहीतर अमोनिया उडाला.

आणि कुदळ कमी चालवा. प्रत्येक वेळी ढेकूळ फोडलं की आत लपलेलं जिवाणूंच्या ताटात जातं. भाजीचा वाफा सोडून मी आता कुठेच पूर्ण खणत नाही, शेजारचे काका आळशी म्हणतात, म्हणू देत.

खाजनाबद्दल थोडंच, कारण माझं खाजन नाही, मामाचं आहे. तिथे पाणी तुंबल्यामुळे हवा नाही, कुजणं हळू, म्हणून चिखल काळा. लावणीच्या अगदी तोंडावर ताजं गवत गाडू नका, बिनहवेचं कुजताना आम्लं आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो आणि कोरगुटाची (खाजनातल्या भाताची) मुळंही काळी पडतात. गाडायचं तर कापणी झाल्यावर जमीन सुकत असताना. मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं नीट असणं हे तिथल्या ह्यूमसचंही राखण आहे.

आता ते पाकीट

बाजारातलं बहुतेक ह्युमिक लिग्नाइट किंवा लिओनार्डाइट म्हणजे हवेने झिजलेला तपकिरी कोळसा, त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काढलेलं. पोटॅशियम ह्युमेट म्हणतात ते हेच. मातीचा ह्यूमस त्याने वाढत नाही, वरचा हिशोब बघितलात. पण मुळांवर परिणाम होतो हे खरं आहे, थोड्या प्रमाणात दिलं तर बाजूची मुळं जास्त फुटतात, काहीसं वाढीच्या संप्रेरकासारखं काम. शिवाय लोह-जस्त पकडून विरघळलेलं ठेवतं. म्हणून रोपवाटिका, पिशव्यांतली रोपं, कुंड्या, किनाऱ्याकडची रेताड जमीन, इथे घ्या. काजूच्या भाटाला पैसे घालवू नका.

घेताना लेबल बघा. २०२१ पासून ह्युमिक-फुल्विकसारखी बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशाखाली आणलीत, तेव्हा नोंदणीचा तपशील छापलेला असायला हवा, नुसतं "९८ टक्के" आणि शेराचं चित्र पुरेसं नाही. घरी आणल्यावर चिमूटभर पेलाभर पाण्यात टाका. चांगला माल विरघळतो, तळाशी नाममात्र गाळ. मग त्यात लिंबूसत्व टाका: पुंजके बसून वरचं पाणी फिकट झालं तर आत ह्युमिक आहे. काळंच्या काळं राहिलं तर नुसता रंग किंवा भलतंच काही असू शकतं, प्रश्न विचारा. फुल्विक म्हणून विकलेलं मात्र काहीच खाली बसवत नाही, ते बरोबरच आहे.

आणि जी गोष्ट लिंबूसत्वाने बाटलीत होते तीच फवारणीच्या पंपात होते. कॅल्शियम नायट्रेट, फॉस्फोरिक ॲसिड, कुठलंही आंबट खत ह्युमेटबरोबर मिसळलंत की पुंजके, आणि ड्रिपची भोकं बंद. विहिरीचं पाणी जड असेल तरी आधी पेल्यात बघा.

माझं उरलेलं पाकीट मी गाळून घेऊन मिरचीच्या रोपांना देतोय, पंधरा दिवसांनी एकदा, फिकट चहाच्या रंगाचं. भाटाची माती परत तीन वर्षांनी देणार, त्याच जागांची, मे महिन्यातच, आणि जमलं तर त्याच लॅबला, कारण वर्षाच्या फरकात ०.१ टक्का इकडे-तिकडे हे मोजण्यातच होऊन जातं. नमुन्याच्या पिशवीत चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. गेल्या वेळी पेनाची शाई ओलीने फुटली आणि माडाचा रिपोर्ट भाजीच्या नावाने आला.